तळहाताचे, मनगटाचे आणि मळहाताचे टाके एकाच दिवशी काढायचे का?

अर्धवट_झोप

खिडकीचं तावदान सरकवताना काच फुटली आणि उजव्या हाताला तीन ठिकाणी लागलं. मळहातावर (तळहाताच्या उलट बाजूला) ३ टाके, तळहातावर अंगठ्याखालच्या फुगवट्याशी ५, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला, घड्याळाचा पट्टा बसतो तिथे, आडवे ४. एकूण १२.

आज सहावा दिवस. ज्यांनी टाके घातले त्यांनी कागदावर "१० दिवसांनी काढणे" एवढंच लिहिलंय. ओळखीतल्या एक नर्स म्हणाल्या, हाताचे सातव्या दिवशी निघतात, जास्त ठेवले तर डाग राहतात. शेजारचे काका म्हणाले, त्यांचे तळव्याचे पंधरा दिवस ठेवले होते. मला आठव्या दिवशी रात्री कामासाठी बाहेरगावी निघायचंय, परत यायला दोन आठवडे लागतील. मग जायच्या आधी सगळेच काढून टाकावेत का? तिथे दुसऱ्या कुणी डॉक्टरने काढले तर चालतात का?

डाव्या हाताने टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

तिरका_कौल

धाग्यांसाठी धागा काढलात, अभिनंदन. (कृहघ्या, म्हणजे कृपया हलके घ्या.)

माझे कपाळावरचे पाचव्या दिवशी काढले होते आणि आता शोधूनही वण सापडत नाही. त्यामुळे सातव्या दिवशी काढायला हरकत नसावी.

सांजसावली

@तिरका_कौल, कपाळाने कुणी बाटलीचं झाकण उघडत नाही हो.

माझी तळहाताची जखम होती, तर्जनीच्या मुळाशी. सातव्या दिवशी टाके काढले, कारण मीच मागे लागले होते. टोचतात, खाजतात, पट्टी ओली होते. आठव्या दिवशी घट्ट बसलेलं झाकण फिरवलं आणि जखम टाचेपासून चपलेचा तळवा सुटावा तशी उघडली. पुन्हा टाके घातले नाहीत. आतून वर भरून येऊ दे म्हणाले. त्याला तीन आठवडे लागले आणि वणही रुंद आला. घाई करू नका.

रात्रपाळी

अपघात विभागात काम करतो, म्हणून लिहितोय. तुमची जखम मी बघितलेली नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

कपाळाचा हिशोब हाताला लावू नका. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर आणि ताण कमी, म्हणून ३ ते ५ दिवस. डोक्याच्या कातडीला ७ ते १०. मळहाताला ७ ते १०. तळहाताला १० ते १४. सांध्यावरून जाणाऱ्या जखमेला, मग ते बोटाचं पेर असो की मनगट, १० ते १४. तुमच्या एका हातावर या तीन वेगवेगळ्या जागा आहेत आणि कागदावर आकडा एकच आहे. नर्सबाई चुकलेल्या नाहीत, त्या मळहाताबद्दल बोलतायत. काकाही चुकलेले नाहीत.

हा फरक का, ते स्वतःच्या हातावर बघा. मळहाताची कातडी चिमटीत धरा, सहज वर येते. तळहाताची धरून बघा. नाही येत ना? ती आतल्या जाड पडद्याला धाग्याधाग्यांनी बांधलेली असते, म्हणून आपण वस्तू पकडली की कातडी सरकत नाही. बाह्यत्वचा पापणीवर जेमतेम ०.०५ मिमी असते, तळहात-तळपायावर दीड मिमीपर्यंत. त्यात घाम. आणि मूठ वळली-उघडली की जखमेच्या कडांवर ओढ येते. दिवसातून कितीदा येते ते मोजत बसू नका.

डागांचं म्हणाल तर तेही खरं आहे. टाका आत असतो तेव्हा सुईच्या भोकातून कातडीच्या पेशी धाग्याच्या कडेने आत उतरू लागतात. आठवडा-दहा दिवसांपुढे गेलं की रेल्वेच्या रुळांसारख्या आडव्या खुणा कायमच्या राहण्याची शक्यता वाढते. चेहऱ्यावर आम्ही याच भीतीने लवकर काढतो. तळहातावर या खुणा फारशा उठून दिसत नाहीत, आणि तिथे उसवलेल्या जखमेपेक्षा चार ठिपके केव्हाही परवडले.

तुमच्या जागी मी असतो तर मळहाताचे ३ निघण्यापूर्वी काढले असते. मनगट आणि तळहात तसेच घेऊन गेलो असतो.

अर्धवट_झोप

हे इतकं साधं मला कुणी का सांगितलं नाही! चिमटीत धरून बघितलं. (डाव्या हाताची. उजव्याची हिंमत नाही.)

दोन प्रश्न. टाके निळ्या धाग्याचे आहेत, टोकं मांजराच्या मिशांसारखी ताठ. हे विरघळणारे तर नाहीत ना? आणि दुसऱ्या डॉक्टरने काढणं?

रात्रपाळी

निळा आणि ताठ म्हणजे बहुधा पॉलिप्रॉपिलीन. काळा ताठ असेल तर नायलॉन. दोन्ही विरघळत नाहीत, काढावेच लागतात.

कुणीही काढू शकतं. टाके घालणं कौशल्याचं, काढायला दोन मिनिटं. फक्त बरोबर कागद न्या आणि त्यावर कुठे किती टाके हे लिहून घ्या. आता फोटोही काढून ठेवा. तळहातावर दहा-बारा दिवसांनी मेलेली जाड कातडी टाक्यावर चढते, गाठ आत बुडते आणि एखादा टाका दिसतच नाही. मोजून घातले तर मोजून काढता येतात.

पेरोपेरी

हातावर उपचार करणारी फिजिओ आहे. टाक्यांच्या तारखेपेक्षा मला दुसरीच काळजी वाटतेय. मनगटाच्या आतल्या बाजूला आडवी जखम, तीही काचेची. काच बाहेर छोटी फट ठेवते आणि आत खोल जाते. @अर्धवट_झोप, टाके घालण्यापूर्वी कुणी एकेक बोट वेगळं वाकवून बघितलं होतं का? बोटांच्या टोकांना स्पर्श कळतो का हे तपासलं होतं का?

आता घरीच बघा. पट्टी न हलवता, जोर न लावता. १) प्रत्येक बोटाचं टोकाचं पेर स्वतंत्र वाकतं का. २) अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लागतं का. ३) अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांच्या टोकांना कापसाचा स्पर्श दुसऱ्या हाताइतकाच जाणवतो का. ४) करंगळीला जाणवतो का.

अर्धवट_झोप

सगळी बोटं वाकतात. अंगठा करंगळीला लागतो, ओढ बसते पण लागतो. बोटांच्या टोकांना स्पर्श नीट आहे. पण तळहातावर अंगठ्याखालचा जो फुगवटा आहे, तिथे रुपयाएवढा भाग बधिर आहे. मला वाटलं होतं भूल अजून उतरली नसेल.

पेरोपेरी

भूल काही तासांत उतरते, सहा दिवस राहत नाही.

मनगटातून जी मुख्य मज्जातंतू, मीडियन नर्व्ह, जाते तिची एक बारीक फांदी मनगटाच्या आधीच वेगळी होते आणि वरून, कातडीच्या जवळून, तळहातात येते. ती अंगठ्याखालच्या फुगवट्याला आणि तळव्याच्या मधल्या भागाला स्पर्श देते, बोटांना नाही. तुमच्या बोटांना स्पर्श आहे आणि फक्त तो भाग बधिर आहे, म्हणजे मुख्य नस शाबूत असून ही फांदी दुखावली असण्याची शक्यता आहे. तळहातावरच्या जखमेमुळेही शेजारचा थोडा भाग बधिर होऊ शकतो. इथे बसून ठरवता येणार नाही. निघायच्या आधी हाताच्या किंवा प्लास्टिक सर्जनला दाखवा. मुख्य नस तुटली असती तर आठवडेच काय, दिवससुद्धा घालवू नका म्हटलं असतं.

रात्रपाळी

पेरोपेरींना १०० टक्के अनुमोदन. मी टाक्यांतच अडकलो होतो.

जुगाडू

एवढी चर्चा कशाला? मी नववा दिवस बघून नेलकटरने घरीच काढले. नेलकटर गरम पाण्यात बुडवून घेतलं होतं.

सांजसावली

आणि पुढे?

जुगाडू

पुढे तीन आठवड्यांनी तिथे पुटकुळी आली, फुटली आणि त्यातून गाठीसकट धाग्याचा तुकडा बाहेर आला. 😅 पण जखम भरली की.

रात्रपाळी

@जुगाडू, तुमच्या प्रतिसादाचा उत्तरार्ध सोन्यासारखा आहे, तो आधी लिहायचा होता.

नेलकटरची अडचण अशी की त्याने दोन्ही धागे एकदम कापले जातात, किंवा गाठ कापली जाते आणि उरलेला तुकडा आत राहतो. टाका काढताना चिमट्याने गाठ जरा उचलतात. त्यामुळे आत असलेला स्वच्छ धागा अर्धा मिलिमीटर वर दिसतो. गाठीखाली एकाच बाजूला, कातडीला अगदी चिकटून कापतात, आणि गाठ जखमेच्या रेषेकडे ओढतात. उलट्या बाजूला ओढलं तर कोवळी जखम फाकते. वर उघडा राहिलेला, खपली-घाम लागलेला धागा जखमेतून आरपार जाऊ नये हा सगळा खटाटोप आहे.

अनुभवी हात आधी एकाआड एक टाके काढतात आणि थांबून बघतात. कडा धरून राहिल्या तर उरलेले काढतात. नाही राहिल्या तर उरलेले आणखी दोन-तीन दिवस ठेवून काढलेल्या जागी कागदी चिकटपट्ट्या लावतात. हे नेलकटरला कळत नाही.

दोनपिल्लं

वाचतेय. लेकीचं बोट दारात चेंगरलं, टोकाला विरघळणारे टाके घातलेत. आज नववा दिवस, जसेच्या तसे आहेत! विसरले का काय डॉक्टर?

रात्रपाळी

नाही विसरले. मुलांना परत बसवून टाके काढणं म्हणजे दोन माणसं धरायला आणि एक काढायला, म्हणून बोटाच्या टोकाला बऱ्याचदा लवकर विरघळणारे घालतात. "विरघळतात" या शब्दाने घोळ होतो. आतला भाग विरघळतो, बाहेरची गाठ खपलीबरोबर गळून पडते. ७ ते १४ दिवस धरा. ओढू नका. दोन आठवड्यांनंतरही असतील तर दाखवा.

कुंपणावरचा

माझ्या भावाला कुत्रा हाताला चावला होता, चांगली दोन इंच जखम. टाकेच घातले नाहीत, उघडी ठेवली. आम्ही भांडलो होतो तिथे. आता वाटतंय, भांडायला नको होतं का?

रात्रपाळी

नको होतं. चाव्यातून जंतू खोल जातात आणि हातात ते पसरायला मोकळ्या वाटा असतात, कारण कंडरांभोवती (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांभोवती) नळीसारखी आवरणं आहेत. म्हणून हातावरचा चावा सहसा बंद करत नाहीत. साबण आणि वाहतं पाणी १५ मिनिटं, मग रेबीजची लस, गरजेप्रमाणे इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), आणि टाके घालायचेच झाले तर त्यानंतर आणि सैल. मांजराचा चावा दिसायला टाचणीएवढा असतो, तो तर जास्त फसवतो. मारामारीत समोरच्याच्या दातावर आपली मूठ आदळून झालेली जखमही याच गटात येते. लोक ती "खरचटलं" म्हणून सांगतात.

जुनी_पाने

अवांतर: सांजसावलींची उसवलेली जखम वाचून एक आठवलं. ब्रिटिश नौदल अधिकारी जॉर्ज ॲन्सन यांच्या १७४०-४४ च्या पृथ्वीप्रदक्षिणेत खलाशांना स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) झाला. त्यात एका म्हाताऱ्या खलाशाच्या, ५० वर्षांपूर्वी आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत (१६९०) झालेल्या जखमा पुन्हा उघडल्या, अशी नोंद आहे. पन्नास वर्षं बंद असलेल्या! वण म्हणजे एकदा बसवून विसरलेलं ठिगळ नसतं. त्यातलं कोलॅजन (कातडीला बळ देणारं प्रथिन) झिजत असतं आणि नवीन बनत असतं, आणि ते नीट बनायला क जीवनसत्त्व लागतं. ते संपलं की झिजणं चालू राहतं, बनणं बिघडतं.

तिरका_कौल

रोचक! म्हणजे टाके काढले तेव्हा जखम नक्की किती "भरलेली" असते?

रात्रपाळी

लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप कमी. वरचं कातडं एक-दोन दिवसांत फट ओलांडतं, म्हणून २४ ते ४८ तासांनंतर नळाचं पाणी लागलं तरी चालतं. (बुडवून ठेवणं नाही. पोहणं, भांडी घासणं, रबरी हातमोज्यात तासभर घाम येऊ देणं, काहीच नाही. कातडी पांढरी, सुरकुतलेली झाली की टाका तिच्यातून लोण्यातून सुरी जावी तसा सरकतो.) पण ताकद वेगळी. पहिल्या आठवड्याअखेर ती मूळ कातडीच्या १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. तीन आठवड्यांनी २० ते ३०. तीन महिन्यांनी ८० च्या घरात. शंभर कधीच होत नाही.

तेव्हा चौदाव्या दिवशी टाके निघाले तरी ते "आता सुतळीची गरज नाही, पण पिशवी उचलू नका" या अर्थाने निघतात. मधुमेह, सिगारेट, स्टेरॉइड चालू असतील तर आणखी सावकाश.

पेरोपेरी

यात माझं एक पुस्तीवजा वाक्य. कंडरा तुटून जोडलेली असेल तर टाके निघण्याशी तिचा काही संबंध नाही. कातडी दोन आठवड्यांत बंद होते, कंडरेला साधारण ६ आठवडे संरक्षण लागतं आणि पूर्ण जोर १२ आठवड्यांच्या सुमारास. टाके निघाले म्हणून स्प्लिंट (हात स्थिर ठेवणारा आधार) काढून फेकणारे लोक माझ्याकडे दुसऱ्यांदा येतात.

आणि याच्या बरोबर उलटी चूक म्हणजे कंडरा शाबूत असताना हात दोन आठवडे गळ्यात बांधून बोटं अजिबात न हलवणं. सूज जिरत नाही, सांधे आखडतात. @अर्धवट_झोप, हात हृदयापेक्षा वर ठेवा, बोटं हलकेच उघड-मीट करत राहा. वजन नको, पिळणं नको.

अर्धवट_झोप

आठवा दिवस. प्लास्टिक सर्जनकडे जाऊन आलो. पेरोपेरी, तुम्ही लिहिलं होतं तेच निघालं! मुख्य नस ठीक आहे, ती बारीक फांदी दुखावली असावी म्हणाले. त्या एका ठिपक्यासाठी पुन्हा उघडण्यात अर्थ नाही, लक्ष ठेवू, आणि मनगटावर टोचल्यासारखी दुखरी गाठ जाणवली तर या, असं सांगितलं. नसा दिवसाला सुमारे १ मिमी वाढतात म्हणाले, म्हणजे वाट बघणं आलं.

मळहाताचे ३ काढले. कळलंही नाही. बाकीचे ९ घेऊन गाडीत बसलोय.

अर्धवट_झोप

दहावा दिवस, परगावाहून. तळहाताच्या टाक्यांभोवती लाल दिसतंय. घाबरू का?

रात्रपाळी

किती लाल? टाक्याच्या भोकाभोवती एक-दोन मिलिमीटर गुलाबी कडा म्हणजे धाग्याची नेहमीची कुरकुर. पेनाने लाल भागाची कड आखून ठेवा आणि सहा तासांनी बघा. रेषेबाहेर पसरलं, गरम लागलं, पू आला, ठणका वाढत गेला, ताप आला किंवा हातावर वरच्या दिशेने लाल रेघ दिसली, तर त्याच दिवशी दाखवा, रात्र असली तरी.

आणखी एक चित्र ओळखून ठेवा: बोट सगळीकडून सारखं सुजलेलं, किंचित वाकलेल्या स्थितीत धरलेलं, तळव्याच्या बाजूने लांबीभर दाबलं की दुखणारं, आणि दुसऱ्या कुणी सरळ करायला गेलं की जीव जाणारं. ॲलन कॅनव्हेल नावाच्या सर्जनने या चार खुणा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडल्या, अजून त्याच वापरतो. ते कंडरेच्या आवरणातलं इन्फेक्शन असतं, तिथे सकाळची वाट बघायची नसते.

अर्धवट_झोप

रेषेच्या आतच आहे. उलट फिकं झालं. बहुतेक मी हायड्रोजन पेरॉक्साइडने रोज पुसत होतो त्याचं असेल.

सांजसावली

अरे देवा, ते रोज?

रात्रपाळी

बंद करा. फेस बघून बरं वाटतं, पण तो नव्या पेशींनाही जाळतो. साधं पाणी, सौम्य साबण, टिपून कोरडं.

अर्धवट_झोप

तेरावा दिवस. इथल्या डॉक्टरांनी मनगटाचे ४ काढले आणि तळहाताचे एकाआड एक, ३. कागद आणि फोटो दाखवले म्हणून बरं झालं, कारण पाचवा टाका खरंच दिसत नव्हता. ओल्या गॉजचा बोळा दहा मिनिटं ठेवून कातडी मऊ केली तेव्हा मिशी बाहेर आली. उरलेले २ सोमवारी.

दोनपिल्लं

लेकीचे गळाले! एक अंथरुणात सापडला, एक सापडलाच नाही.

अर्धवट_झोप

सोमवारी सगळे निघाले. बारापैकी बारा, मोजून. तळहाताच्या रेषेत एका जागी दाण्याएवढी फट राहिलीय, तिला चिकटपट्टी लावली. मूठ तीन-चतुर्थांश वळते.

पेरोपेरी

फट पूर्ण बंद झाली, खपली पडली की मग वणाला मालिश सुरू करा. कुठलंही साधं मलम चालेल, महत्त्व दाबाला आहे: अंगठ्याने गोल, वण जरा पांढरा पडेल इतपत, दिवसातून चार-पाच वेळा दोन-तीन मिनिटं. मनगटाचा वण आडवा आहे, तो आतल्या थराला चिकटला तर हात मागे वाकवताना ओढतो. मळहाताचा वण उन्हापासून झाका किंवा सनस्क्रीन लावा, निदान सहा महिने, नाहीतर काळपट राहतो.

बधिर भागावर गरम वस्तू टेकवताना डोळ्यांनी बघत जा. तिथे भाजल्याचं कळणार नाही.

जुगाडू

वाखु (वाचनखूण) साठवली. पुढच्या वेळी नेलकटर नाही.

तिरका_कौल

पुढच्या वेळी?!

अर्धवट_झोप

पाच आठवडे. घड्याळाचा पट्टा अजून त्या वणावर सहन होत नाही, डाव्या हातात घालतोय आणि वेळ बघायला दर वेळी उजवं मनगट वर करतोय. बधिर ठिपका जरा लहान झालाय असं वाटतं, कडेला मुंग्या येतात. काल पहिल्यांदा किल्ली उजव्या हाताने फिरवली. कुलूप मात्र उघडलं नाही, ते डाव्यानेच.